पऱ्यागबुडीचा डावा पाय

पहिल्याच दिवशी मी सरांसमोर सरांचीच नक्कल करून दाखवली. मूर्खपणे मी आयुष्यात पुष्कळ केले, त्यातले दोन-तीन तर माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही सापडतील. पण यादी करायला बसलो की सुरुवात इथूनच करावी लागते.

कारंज्यात एका कृषी केंद्राच्या वर एक लांबोळकी खोली होती. आधी तिथे टायपिंगचा क्लास चालायचा. तिच्या खिडकीखाली एक दिवस फ्लेक्स लागला, 'चित्रपट दिग्दर्शन व अभिनय वर्ग'. खाली सरांचं नाव होतं आणि नावाशेजारी फोटो नव्हता. तेव्हाच आम्हाला काहीतरी कळायला हवं होतं. या माणसाचा फोटो आमच्या भागात ऑर्केस्ट्राच्या पत्रकांवर होता, सीडीच्या कव्हरवर होता, पुढे प्रत्येकाच्या मोबाइलवर आला, एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर तर रंगाने काढलेला होता. आणि स्वतःच्या वर्गाच्या फ्लेक्सवर मात्र नाही.

लावला असता तर लुगड्यातला लावावा लागला असता, हे खरं कारण. सर म्हणून त्यांना कोणी ओळखतच नव्हतं. ते पऱ्यागबुडी होते. बुडी म्हणजे म्हातारी. नऊवारी लुगडं, डोक्यावर बोचकं, एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी ही म्हातारी निघालेल्या काळीपिवळी जीपच्या मागे लंगडत धावायची आणि ओरडायची, "थांब नं बापू, येऊनच राह्यली नं मी!" बस, एवढंच. एवढ्यावर वीस वर्षं लोक पोट धरून हसले. मी हे मानोऱ्याच्या बाजारातल्या मंडपात पाहिलं, रिठदला मावसबहिणीच्या हळदीत पाहिलं, आणि मोबाइलवर इतकं पाहिलं की आईने मोबाइल पाण्याच्या रांजणात बुडवायची धमकी दिली होती.

तर पहिल्या दिवशी आम्ही पाच जण सतरंजीवर बसलेलो. सरांनी मला विचारलं, "तुले काय येते?"

मी वाटच पाहत होतो. उठलो, टॉवेलचा पदर केला, बॅगेचं बोचकं केलं आणि खोलीला दोन फेऱ्या मारल्या, लंगडत, "थांब नं बापू" करत. बाकीचे चौघे लोळायचे बाकी राहिले. माझ्या डोळ्यांसमोर माझं पुढचं सगळं आयुष्य तरळून गेलं, सर उठतात, मला मिठी मारतात, म्हणतात की माझा वारस सापडला.

सर म्हणाले, "पाय चुकला."

"जी?"

"तिचा डावा पाय दुखते. तू उजवा वढून राह्यला."

इथे गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माझा अभ्यास पक्का होता. मी म्हणालो, "नाई सर, उजवाच हाय. तुमी सगळ्या व्हिडिओत उजवाच वढता. मी लय डाव पाह्यलं."

"माहीत हाय मले," सर म्हणाले. "मीबी चुकीचंच करत होतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हासले ते चौघं, अन् तू. पायरीवर जाऊन बसा."

अशा रीतीने वर्गाच्या पहिल्या दिवशी सगळा वर्ग जिन्याच्या पायऱ्यांवर बसला होता आणि वर खोलीत सर एकटे.

ही पायरी पुढे आमच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग झाली. वर्गात हसायचं नाही, हा नियम. कोणी हसलं की पायरी. सर आतून "ये" म्हणेपर्यंत तिथेच बसायचं. मी तिथे इतका बसलो की खालच्या कृषी केंद्रवाल्या काकांना मी त्यांचाच माणूस वाटायला लागलो. "हे पोतं जरा उचल रे," म्हणायचे. दिग्दर्शन शिकायला गेलेल्या मला सोयाबीनच्या बियाण्याचे वाण तोंडपाठ झाले.

हसण्याला सर का भीत होते, ते त्यांच्यासोबत चार दिवस फिरलं की कळायचं. त्यांनी तोंड उघडलं की लोक हसायचे. वाक्य कोणतंही असो. बँकेत खिडकीवर जाऊन ते म्हणाले, "पासबुक भरून द्या," की आतला माणूस टेबलावर डोकं ठेवून हसायचा आणि शेजारच्याला हाक मारायचा, "अबे, पऱ्यागबुडी आली!" एकदा त्यांना ताप होता. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, सर म्हणाले, "थंडी वाजून राह्यली," आणि बाकावरची सगळी आजारी माणसं बरी झाल्यासारखी हसली. डॉक्टर पण हसले. सर नाही हसले. ते कोणावर रागावतही नव्हते. एकदाच मला म्हणाले, "माह्या आवाजाले आता अर्थच नाई राह्यला. मी 'आग लागली' म्हनलं तरी लोक बसून राह्यतीन."

म्हणून डबा ते भिंतीकडे तोंड करून खायचे. मयतीला गेले तर सगळ्यांत मागे, तोंडाला रुमाल बांधून उभे राहायचे. रस्त्याने चालताना नेहमी दुसऱ्याच्या मागून चालायचे. मी एकदा आदराने थांबलो, "तुमी पुढं व्हा सर," तर म्हणाले, "नको. मले पाहू दे."

हे 'पाहू दे' म्हणजे त्यांची सगळी विद्या. त्यांच्या वर्गात पुस्तक नव्हतं, फळ्यावर त्यांनी कधी काही लिहिलं नाही. ते आम्हाला स्टँडवर नाहीतर बाजारात पाठवायचे. एक माणूस धरायचा आणि तासभर त्याला पाहायचं. परत येऊन काय पाहिलं ते सांगायचं. अट एकच, करून दाखवायचं नाही. "नक्कल केली का पाह्यनं थांबते," असं त्यांचं म्हणणं. "हात-पाय हलले का डोये मिटले समज."

माझ्या वाट्याला एकदा सीताफळं विकणारी बाई आली. मी तासभर पाहिलं, परत आलो, आणि सांगता सांगता माझा हात आपोआप तराजू धरल्यासारखा वर गेला, आवाज तिच्यासारखा चिरका झाला. पायरी. वैशालीनेही तीच बाई पाहिली होती. वैशालीच्या वडिलांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता, आमच्यात कॅमेरा धरता येणारी ती एकटीच. ती एवढंच म्हणाली, "सर, ते बाई तराजू उचलताना श्वास धरते. अन् गिऱ्हाईक गेल्यावर सोडते."

सरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "पुरे."

'पुरे' हे त्यांचं सर्वोच्च बक्षीस होतं. शूटिंगच्या सरावात 'कट'च्या जागी पण ते 'पुरे'च म्हणायचे, तेही हळू, एखाद्याच्या ताटात वाढताना म्हणावं तसं. मला ते कधीच मिळालं नाही. नाही, एकदा मिळालं, पण ते माझ्या अक्कलहुशारीचं नव्हतं.

झालं असं की सरावासाठी आम्ही दिवसभर बाजारात शूटिंग केलं. वैशाली आजारी होती म्हणून कॅमेरा माझ्याकडे. बटण एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मी पहिलंच बटण घाईत दोनदा दाबलं, आणि तिथून दिवसभर माझं सगळं उलटं चालू राहिलं. सर 'चालू' म्हणाले की माझा कॅमेरा बंद व्हायचा आणि 'पुरे' म्हणाले की सुरू. संध्याकाळी खोलीत येऊन पाहिलं तर आमच्या कथेचा एकही शॉट नाही. होतं ते मधलं सगळं. कोणी चहा ओततंय, कोणी पायातला काटा काढतंय, एक म्हातारा ऊन चुकवायला आमच्याच छत्रीखाली येऊन उभा, माझी चप्पल, पुन्हा माझी चप्पल, आणि मी कोणालातरी देत असलेली एक दीर्घ शिवी.

मी स्वतःच उठून पायरीकडे निघालो. सर म्हणाले, "बस." त्यांनी ते सगळं पाहिलं, पाऊण तास. शेवटी म्हणाले, "पुरे." मग म्हणाले, "आजच्या दिवसात एवढंच खरं हाय. कोनालेच माहीत नोतं का कोनी पाहून राह्यलं." आणि मला आवाजाचं काम दिलं. बांबूला बांधलेला माइक आणि कानाला हेडफोन. "तुले दिसत तं नाई," म्हणाले, "ऐकू तरी दे."

त्यांना एकच सिनेमा करायचा होता. सिनेमा म्हणजे तरी काय, सात-आठ मिनिटांचा. त्यांची आई घराच्या दारातून निघते आणि गावाच्या फाट्यापर्यंत चालत जाते. संपलं. कथा नाही, गाणं नाही. आम्ही पाच जण वर्षभर ज्या सिनेमाची वाट पाहत होतो तो असा निघाल्यावर आमची तोंडं पडली. मी तर विचारलंही, "सर, मंग त्याच्यात होते काय?"

शूटिंगच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं, आणि कोणी हसलं नाही.

त्यांची आई कालव्याच्या कामावर घमेलं घेऊन पडली होती, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायची. त्यांचं गाव कामरगावच्या अलीकडे, फाट्यापासून आत. रोज सकाळी ती बांधकामावर आणि सर शाळेत, दोघेही काळीपिवळीने कारंज्याला. जीप भरली की निघायची, कोणासाठी थांबायची नाही. म्हणून आई त्यांना पुढे पळवायची, "जाय, जागा धर." ते जाऊन बसायचे आणि ती मागून बोचकं घेऊन लंगडत यायची. रोज ओरडायची, "थांब नं बापू, येऊनच राह्यली नं मी!" जीपमधली माणसं हसायची.

"अन् मी सगळ्यायच्या वर हासो," सर म्हणाले. "हासलो नाई तं लोकायले समजीन ना का हे माह्यी माय हाय."

पुढे त्यांनी तेच स्टेजवर आणलं. फक्त पाय बदलला. "पाय बदलोला का ते माह्यी माय नाई, असं मीच मले सांगतलं. सांगून सांगून पटलंबी." आईला त्यांनी कधी कार्यक्रमाला नेलं नाही. पण एका जयंतीला त्यांच्याच गावात कार्यक्रम ठेवला गेला, आणि आई बायांमध्ये सगळ्यांत पुढे येऊन बसली. सर स्टेजवर लंगडायला लागले. गावचीच माणसं ती, एकदा स्टेजकडे पाहायची, एकदा आईकडे, आणि दुप्पट हसायची.

घरी आल्यावर आई पीठ मळत बसली होती. वर न पाहता तिने विचारलं, "मी अशी चालतो का बापू?"

"मी म्हनलं, नाई माय, तो तं उजवा पाय हाय."

"माय म्हने, हाव. ते पाह्यलं मी."

त्यानंतर तिने सरांसमोर चालणं सोडलं. सर घरी असले की ती बसल्या जागची उठायची नाही. पाणी प्यायचं असलं तरी ते बाहेर जाण्याची वाट पाहायची. सरांनी ऑर्केस्ट्रा सोडला, लुगडं सोडलं, आणि कॅमेऱ्याच्या मागे गेले. दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठे ती एकदा चालायला तयार झाली होती.

"स्टेजवर लोकं दूर बसते," सर म्हणाले. "दुरून मानूस नाई दिसत, नुसतं लंगडनं दिसते. कॅमेरा जवळ जाते. जवळून पाह्यलं तं कोनी हासू शकत नाई." मग आमच्या पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. "तुमाले मी वरीसभर हेच शिकोलं. तिनं चालावं अन् आजूबाजूचं कोनी हासू नाई. एवढे पाच मानसं लागत होते मले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो पायरीचा नियम, ते बाजारात पाहणं, ते करून न दाखवणं, सगळं या एका सकाळसाठी होतं. मी गहिवरलो. सर्वांच्या वतीने उभा राहून शब्दही दिला. माणसाने उभं राहून शब्द देऊ नये.

सकाळी आम्ही गावात पोचलो तर आजी दारात तयार. सरांनी सांगितलं होतं की रोजचंच नेस, पण तिने नवं पातळ नेसलं होतं आणि त्याची घडीची रेघ अजून दिसत होती. आम्हाला बळेच भाकर आणि ओल्या तुरीच्या दाण्यांचं वरण खाऊ घातलं. मी दोनदा वाढून घेतलं. माझा हात धरून म्हणाली, "हे एवढं बांबू धरून हात नाई दुखत का रे बाबू?" मी म्हटलं नाही आजी. तिने माझ्या दंडावर हात फिरवून पाहिला, खरं बोलतोय का म्हणून.

सरांनी तिला एवढंच सांगितलं, "माय, तू फाट्यावर जाय. आमी हावो, असं समजूच नको."

"अन् मंग?"

"मंग काई नाई."

"इतकंच?" तिला पण माझ्यासारखंच वाटलं असावं.

वैशालीने कॅमेरा सुरू केला. आजी निघाली. वैशाली तिच्या बाजूने चार पावलांवर, सर वैशालीच्या खांद्याशी, आणि मी सगळ्यांत जवळ, कॅमेऱ्यात दिसणार नाही इतका वाकून, माइक तिच्या डोक्यावर धरून. हेडफोनमध्ये तिचा श्वास येत होता. बांगड्या. उजव्या पायाची चप्पल पडल्याचा आवाज, मग डाव्या पायाची घासत येणारी. हात गुडघ्यावर ठेवून ती तो पाय पुढे आणायची आणि प्रत्येक वेळी नाकातून जरासा आवाज काढायची. मी ऐकत होतो आणि सर म्हणाले ते मला पटत होतं. यात हसण्यासारखं काही नव्हतं. देवळाचा ओटा गेला, हापशी गेली, विहाराचं फाटक गेलं. सर मधूनमधून माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवायचो, सगळं ठीक आहे.

फाटा दिसायला लागला, आणि तिथे एक काळीपिवळी उभी होती. ती आम्ही ठरवलेली नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, निघण्याआधी देतात तसा.

आजीला आम्ही काही बोलायला सांगितलं नव्हतं. पण हॉर्न ऐकला आणि तिचा पाय झपाझप पडायला लागला, आणि हात वर गेला, आणि तिच्या तोंडून निघालं, "थांब नं बापू, येऊनच राह्यली नं मी!"

थेट माझ्या कानात. जो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलो, ज्यावर हळदीत हसलो, जेवताना हसलो, ठसका लागेपर्यंत हसलो, तोच, अगदी तोच. मला वाटलं, अरे, किती हुबेहूब करते!

आणि मी फस्सकन हसलो.

फार नाही. पण बांबू हलला, माइक तिच्या खांद्याला लागला, आणि ती थांबली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. मी त्या दोन-तीन क्षणांत वाट पाहत होतो की ती मला बोलेल, किंवा बसेल, किंवा रडेल. तसं झालं असतं तर मी हे लिहिलंही नसतं कदाचित.

ती हसली. जमलं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं. आपल्या पोराचा धंदा लोकांना हसवण्याचा, आणि त्याचा माणूस हसला, म्हणजे काम चांगलं चाललंय. तिने पदर सारखा केला, पायातली एक चप्पल काढून हातात घेतली, आणि पुन्हा निघाली.

आता ती उजवा पाय ओढत होती.

दुखरा डावा पाय टेकवत, चांगला उजवा पाय ओढत, हुबेहूब स्टेजवरच्यासारखं, कंबरेतून झोके घेत. एकदाच पाहिलं होतं तिने ते. दुखऱ्या पायावर भार पडला की तिचा श्वास अडकायचा, ते मला कानात ऐकू येत होतं. आणि दर चार पावलांनी ओरडत होती, "थांब नं बापू!"

जीपमधली माणसं बाहेर डोकावली. त्यांनी सरांना ओळखलं, कॅमेरा पाहिला, आणि टाळ्या वाजवायला लागली. "पऱ्यागबुडी! अरे, खरी पऱ्यागबुडी!" आजीने त्यांना चप्पल दाखवली, तीही स्टेजवरच्यासारखीच, आणि ते आणखी हसले.

सरांचा हात वर होता. तोंड उघडं होतं. 'पुरे' एवढाच शब्द होता आणि तो त्यांना म्हणता येत नव्हता. वैशाली रडत होती आणि कॅमेरा चालू होता, कारण कोणी पुरे म्हटलंच नाही.

फाट्यावर पोचल्यावर आजी जीपला टेकून उभी राहिली. घामाने पातळ पाठीला चिकटलं होतं. "जमलं का बापू?" तिने विचारलं.

सर म्हणाले, "जमलं माय."

"का अजून एक डाव करू?"

"नाई माय. लय चांगलं झालं."

त्या दिवशी त्यांनी मला पायरीवर बसायला सांगितलं नाही. परतीच्या रस्त्यात मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "तुह्यी काय चुकी? माह्याच हातचं हाय ते हासनं."

वैशाली म्हणाली की शेवटचा भाग कापून टाकू, हसण्याआधीचं ठेवू, तेवढंही चार मिनिटांचं होतं. सर म्हणाले, "आन् तिनं इचारलं, माह्यं बाकीचं कुठी गेलं, तं?" कॅमेऱ्यातलं ते मेमरी कार्ड वैशालीच्या स्टुडिओच्या कपाटात अजून आहे. वर्ग बंद करतो असं सर म्हणाले नाहीत. एक दिवस खोलीला कुलूप दिसलं. पुढे त्या फ्लेक्सवर कीटकनाशकाचा फ्लेक्स लागला, वारा आला की त्याचा एक कोपरा वर उचलला जायचा आणि खालचं 'दिग्दर्शन' दिसायचं.

आजीचा पाय त्या दिवसानंतर सुजला होता. ती त्या पायाने गेली नाही, तिला दमा होता, असं सगळे सांगतात. मीही सांगतो. उन्हाळ्यात गेली. आम्ही पाचही जण मयतीला गेलो. वंदना झाली, मग गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी सरांना म्हटलं, दोन शब्द बोला. सर मागे उभे होते, तोंडाला रुमाल. पुढे आले. रुमाल खाली केला. "माह्यी माय..." म्हणाले, आणि मागून कोणीतरी हसलं. मुद्दाम नाही, शिंक यावी तसं. सरांनी रुमाल पुन्हा वर बांधला आणि आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

मी वळून पाहिलं. हसणारा मी नव्हतो. त्यावर मला बरं वाटलं, यावरून माझी लायकी लक्षात यावी.

मी आता मंडपांत साउंड सांभाळतो. सिनेमाच्या शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला. गेल्या हिवाळ्यात मानोऱ्यात एका लग्नाच्या स्वागत समारंभाचं काम होतं. ऑर्केस्ट्रा होता, आणि निवेदक म्हणाला, "आता येऊन राह्यली, तुमची आमची सगळ्यायची लाडकी..." मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. माझा हात आवाजाच्या बटणावर तसाच राहिला.

सर लुगड्यात आले. केस पिकलेले होते, टोप लावायची गरज उरली नव्हती. ते निघाले आणि मी पहिल्यांदा पाय पाहिला. डावा होता. हात गुडघ्यावर होता. कंबरेचे झोके नव्हते, वेडंवाकडं तोंड नव्हतं. उजवी चप्पल पडायची, डावी घासत यायची, आणि प्रत्येक वेळी नाकातून तो जरासा आवाज. माइक त्यांच्या गळ्याशी होता म्हणून तो फक्त मला नीट ऐकू आला असेल. ते नक्कल करत नव्हते. चालत होते. "थांब नं बापू, येऊनच राह्यली नं मी," हेही ओरडून नाही, दम लागल्यावर निघतं तेवढ्याच आवाजात. मग ती थांबली. स्टेजवर नसलेल्या, निघून जाणाऱ्या जीपकडे पाहिलं. पदर सारखा केला. श्वास धरला, आणि पुन्हा निघाली.

इतकं चांगलं काम मी कोणाचं पाहिलेलं नाही. आणि मंडप कोसळायचा बाकी होता, इतके लोक हसत होते. पूर्वीपेक्षा जास्त. पुढच्या खुर्चीवरच्या एका बाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती नवऱ्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

मी हसलो नाही, असं इथे लिहिता आलं असतं.

नंतर स्टेजच्या मागे गेलो. सर खुर्चीवर बसून टॉवेलने तोंड पुसत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"आवाज तू पाहून राह्यला होता का?"

"हाव सर."

"हासला?"

"हाव सर."

"कुठी?"

"ते थांबते. पदर सारखा करते. तठी."

त्यांनी टॉवेलची घडी केली. घडी नीट आली नाही म्हणून उलगडून पुन्हा केली.

"पाय?"

"डावा, सर."

"हं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जाय मंग. पायरीवर बस."

स्टेजला मागून चढायला फळ्यांच्या चार पायऱ्या केलेल्या होत्या. मी तिसरीवर जाऊन बसलो. वर पुढचं गाणं सुरू झालं, कोणीतरी "साउंडवाला कुठी गेला?" म्हणून ओरडत होतं, पण 'ये' म्हटल्याशिवाय उठायचं नाही हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा असतील. वर्गात ते इतकाच वेळ लावायचे.

मंडपाच्या पलीकडच्या बाजूला हॉर्न वाजला. कलाकारांना न्यायला आलेली काळीपिवळी होती. सर मधल्या सीटवर बसले होते, पॅन्ट-शर्टात, मांडीवर लुगड्याचं बोचकं. जीप भरली होती. निघाली.

मी उठलो. मागे धावायला हवं होतं. पण धावलो असतो, तर सगळा मंडप हसला असता.